आतल्या पीसीचे पाच ‘का’

दैनिकाची पिंपरी-चिंचवड आवृत्ती बंद झाली तेव्हा मी तिथे उपसंपादक होते. सात महिने घरी काढल्यावर चाकणच्या एका कारखान्यात डॉक्युमेंटेशन विभागात नोकरी मिळाली. कारखाना मोटारींच्या दारांची कुलपे बनवतो. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि लॅमिनेशनचे एक यंत्र. मशीन कसे चालवायचे त्याच्या सूचना लिहायच्या, तपासणीच्या याद्या लिहायच्या आणि काही बंद पडले तर त्याचा अहवाल लिहायचा. मुलाखतीत प्लांट हेडने विचारले होते, बातमी आणि रिपोर्ट यांत फरक काय. मी म्हणाले, फारसा नाही. दोन्हीत वेळ बरोबर लागते आणि विशेषण चालत नाही. हे उत्तर त्यांना आवडले. पुढे त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा इतरांना ऐकवले.

कारखान्यात एक नियम होता. कुठलेही काम अर्ध्या तासाहून जास्त थांबले की डॉक्युमेंटेशनच्या माणसाने तिथे जाऊन उभे राहायचे आणि घडते ते वेळेसह वहीत लिहायचे. हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. मला ते जमत होते. अपघाताच्या जागी उभे राहून नातेवाइकांना मृताचे वय विचारण्यापेक्षा हे सोपे होते.

डिस्पॅचच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे, लेबल-रूम. तिथे एक संगणक, एक प्रिंटर आणि एक माणूस असे. माणूस सेहेचाळीस वर्षांचा, कारखान्यापासून पायी वीस मिनिटांवरच्या गावातला. सगळे त्यांना काका म्हणत. माझ्याहून सहा वर्षांनीच मोठे, तरी मीही काका म्हणे. ट्रक उभे राहतात ती जागा पूर्वी त्यांच्या चुलत्यांची होती. जमिनी गेल्या तेव्हा गावातल्या काही जणांना कंत्राटी कामावर घेतले होते, त्यातले ते एक. अकरा वर्षे त्यांच्या गळ्यात ओळखपत्राची पिवळी फीत होती. कायम कामगारांची फीत निळी. त्या महिन्यात दोघांना कायम करायचे ठरले होते आणि यादीत त्यांचे नाव होते. पत्रे एक तारखेला मिळणार होती. हे सगळ्यांना माहीत होते, कारण त्यांनीच सगळ्यांना सांगितले होते.

कायम झाल्याचे पत्र म्हणजे काय, हे मला वेगळे कळायला नको होते. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामगार होते. त्यांचे पत्र आमच्या घरात फ्रेम करून लावलेले होते आणि दर दिवाळीला आई त्याची काच पुसत असे.

लेबल-रूममधल्या संगणकाबद्दल थोडे सांगावे लागेल. लेबले छापणारा प्रोग्रॅम जुना होता. तो लिहून देणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तो फक्त जुन्या विंडोजवर चालत असे. जुना संगणक जळाला तेव्हा त्या वेळच्या आयटी इंजिनिअरने नव्या संगणकाच्या आत एक व्हर्च्युअल मशीन तयार केले. म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, जुना संगणक. त्याला स्वतःचा डबा नाही, कीबोर्ड नाही. पडद्यावरच्या एका चौकटीत तो दिसतो आणि आपण स्वतंत्र संगणक आहोत असेच समजून वागतो. काका या दोघांना आतला पीसी आणि बाहेरचा पीसी म्हणत. ग्राहकाच्या, म्हणजे मोटार कंपनीच्या, ऑर्डरी बाहेरच्यावर येत, आतला त्या उचलून घेई आणि लेबले छापून देई. हे सगळे जमवणारा इंजिनिअर नोकरी सोडून बंगळुरूला गेला. जाताना त्याने काही लिहून ठेवले नाही आणि मीही कधी लिहायला घेतले नाही. चालू होते, म्हणून.

तो मंगळवार होता. सकाळी सातला शिफ्ट सुरू झाली. सात वाजून पाच मिनिटांनी काकांनी आतला पीसी उघडला तेव्हा ऑर्डरींची यादी रिकामी होती. सात चाळीसला मी वही घेऊन पोचले.

“आतला चालू हाय, मॅडम,” काका म्हणाले. “हे घड्याळ बगा, काटा फिरतोय. पण बाहेरच्याचं ऐकत न्हाई. सकाळधरनं मुका झालाय.”

लेबल नसलेली पेटी ग्राहक घेत नाही. डॉकवर तीन ट्रक भरून उभे होते. ग्राहकाकडे साडेअकरापर्यंत पुरेल इतका माल होता. त्यानंतर त्यांची लाइन थांबणार होती. ग्राहकाची लाइन थांबणे याहून मोठा गुन्हा या पट्ट्यात नाही.

आयटी इंजिनिअर सव्वाआठला आला. तो पुनावळ्याला राहतो. तळेगाव चौकात अडकला होता. हेल्मेट टेबलावर ठेवून त्याने काकांना खुर्चीवरून उठवले.

“काय केलं काका? काल तर पळत होतं राव.”

“मी काय बी केलं न्हाई.”

“काही बदललं? नवीन काही टाकलं, काढलं?”

“न्हाई ओ. काल फकस्त साफसफाई केली. आडिट हाय ना परवा.”

मी वहीत लिहिले: काल बदल नाही. माहिती देणारा ऑपरेटर. कंसात ‘एकच स्रोत’ असेही लिहिले. ती जुनी सवय होती.

पुढचे दोन तास इंजिनिअरने जे केले ते माझ्या वहीत ओळीने आहे. आधी त्याने आतला पीसी बंद करून पुन्हा सुरू केला. मग बाहेरचा. मग आतल्यातून बाहेरच्याला पिंग केले. पिंग म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला मारलेली हाक. ओ आली तर वाट मोकळी. ओ आली नाही. बाहेरच्यातून आतल्याला हाक मारली, तिथूनही नाही. आतल्याचा पत्ता तपासला, तो बरोबर होता. फायरवॉल बंद केली. दोघांमध्ये ज्या फोल्डरची देवाणघेवाण होती तो पुसून पुन्हा तयार केला. आतल्या पीसीला यातले काहीच जाणवत नव्हते. त्याच्या कोपऱ्यातले नेटवर्कचे चिन्ह हिरवे होते. आपण जोडलेले आहोत असे तो सांगत होता.

“हा म्हणतो मी ठीक आहे, तो म्हणतो मी ठीक आहे,” इंजिनिअर म्हणाला. “नवरा-बायकोसारखं चाललंय.”

काका मागे उभे होते. मध्येच म्हणाले, “ते पिंटरचं चालत नव्हतं तवा तुमी मला बंद-चालू कराया शिकवलं व्हतं. तसं करून बगू का?”

“तुम्ही काही करून बघू नका, काका. मागे उभं राहून माझ्या मानेवर श्वास सोडू नका.”

नऊ वाजून दहा मिनिटांनी प्लांट हेड आले. त्यांच्या हातात दोन फोन होते आणि दोन्ही ग्राहकाकडून वाजत होते. त्यांनी इंजिनिअरला विचारले, काय असू शकते. इंजिनिअरला माहीत नव्हते. माहीत नाही असे म्हणायचे नसेल तर त्याच्या व्यवसायात एक शब्द आहे. तो म्हणाला, “व्हायरस असू शकतो सर. कुणी पेनड्राइव्ह लावला असेल तर.”

प्लांट हेड काकांकडे वळले.

“काय काका? कीर्तन ऐकत होता का पीसीवर? का पिक्चर टाकून घेतले?”

“न्हाई साहेब. माज्याकडं पेनड्राईवच न्हाई.”

“मग दाखवा ना. पिशवी दाखवा.”

काका पिशवी उघडू लागले तसे प्लांट हेडने हात वर केला आणि गेटवरून सिक्युरिटीला बोलावले. काचेची खोली लहान होती, म्हणून पिशवी बाहेर डॉकवर, पेट्यांच्या रचलेल्या थप्पीवर रिकामी केली गेली. तिन्ही ट्रकचे ड्रायव्हर तिथेच बसले होते. डबा, फडक्यात बांधलेली ठेच्याची छोटी बरणी, तंबाखूची पुडी, चष्म्याचे रिकामे घर आणि झेरॉक्स कागदांची शिवलेली वही निघाली. सिक्युरिटीने डब्याचे झाकण काढून भाकरी उचलून पाहिली.

झेरॉक्स वही संगणकाच्या कोर्सची होती. कडेच्या मोकळ्या जागेत काकांनी पेन्सिलीने मराठीत टिपणे केली होती. प्लांट हेडने ती चाळली आणि मोठ्याने वाचली.

“‘राइट क्लिक म्हणजे उजवे बटण. एकदाच दाबणे. घाई करू नये.’ अरे वा. ‘फाईल हरवली तर घाबरू नये, सर्च करावे.’ इंजिनिअरसाहेब, ऐका! तुमची नोकरी गेली. काका आयटी हेड होणारेत.”

ड्रायव्हर हसले. इंजिनिअर हसला. सिक्युरिटीचा माणूस काकांच्याच गावचा होता. तो भाकरी डब्यात ठेवत होता, त्याने वर पाहिले नाही. मी लिहिले: ९.२५, ऑपरेटरच्या सामानाची तपासणी. काही आढळले नाही.

काकांनी वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या. वही सगळ्यात शेवटी भरली. मग ते खोलीत येऊन पुन्हा इंजिनिअरच्या मागे, या वेळी थोडे लांब, उभे राहिले.

इंजिनिअरने व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम लावला. तो चाळीस मिनिटे चालला आणि त्याला काही सापडले नाही. या चाळीस मिनिटांत मला नियमाबाहेरचा प्रश्न पडला. वार्ताहर ‘काही विशेष घडले नाही’ म्हणाला की त्याला विचारायचे असते, मग जे घडले ते सांग. दहा वाजून पाच मिनिटांनी मी काकांना विचारले, “काल साफसफाईत नेमकं काय काय केलं?”

त्यांनी बोटे मोजत सांगितले. टेबल पुसले. प्रिंटरची धूळ काढली. मागच्या वायरी सोडवून पट्टीने बांधल्या. “आन् तुमची लिस्ट भरली. सगळी. बावीसच्या बावीस. टिका मारून वर तुमच्याकडं दिली.”

लिस्ट माझीच होती, आणि भरलेल्या प्रती माझ्याच कपाटात येत. मी गेले आणि सोमवारची प्रत काढली. चौदाव्या मुद्द्यावर माझे वाक्य होते: ‘पीसीवरील वापरात नसलेले सर्व नेटवर्क पोर्ट बंद करावेत.’ त्यापुढे बरोबरची खूण होती. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तो आमच्याकडे कुणीच भरत नाही. काकांनी भरला होता. सरळ, सुटे अक्षर: ‘पडद्यावर दोन दिसत होते. मागे हात घालून पाहिले, वायर एकच आहे. म्हणून एक बंद केला.’ खाली सही. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. दिवसाची लेबले तोवर छापून झाली होती.

मी कागद घेऊन खाली आले. आधी काकांना विचारायला हवे होते. बातमीत ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी विचारतात. ग्राहकाचा फोन वाजत होता, प्लांट हेड दारात होते. मी कागद इंजिनिअरच्या समोर टेबलावर ठेवला आणि चौदाव्या ओळीवर बोट ठेवले.

त्याने बाहेरच्या पीसीवर नेटवर्कच्या जोडण्यांची यादी उघडली. दोन होत्या. एक रंगीत, एक करडी. त्या दोन तासांत त्याने ही यादी उघडली नव्हती. तो आज्ञा टाइप करून पत्ते तपासत होता, आणि बंद केलेली जोडणी त्या उत्तरात दिसतच नाही. दुसरी असायला हवी हेही त्याला माहीत नव्हते. त्याने करडीवर राइट क्लिक केले, चालू केली. दहा बावीस. चार सेकंदांनी आतल्या पीसीत ऑर्डरी एकाखाली एक उमटू लागल्या आणि प्रिंटर सुरू झाला.

“काका,” इंजिनिअर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “तुम्ही नाळच कापली की हो! आतला आणि बाहेरचा याच्यावरूनच बोलतात.”

“पर त्याला वायर न्हाई.”

“याला वायर नसतेच. ही जोडणी पीसीच्या आतल्या आत असते. खरी नसते.”

“खरी न्हाई तर मग बोलत्यात कशी?”

“ते सोडा. तुमच्या वहीत नसेल ते.”

काकांनी कागद उचलून आपली सही पाहिली. मग मला म्हणाले, “मॅडम, ही साफसफाईच व्हती. लिस्टमधली.” इंजिनिअरने बदलाचे विचारले होते तेव्हा ते खोटे बोलले नव्हते. आमच्याकडे फाइव्ह एस या जपानी शिस्तीच्या नावाने जे चालते ते म्हणजे झाडणे, पुसणे, नको ते काढून टाकणे. त्याला कुणी बदल म्हणत नाही. झाडू मारल्यावर घरात बदल केला असे कोण सांगते?

लेबले लागली, ट्रक अकराला सुटले. पहिला पोचायला उशीर झाला आणि ग्राहकाची लाइन अठरा मिनिटे थांबली.

अशा वेळी ग्राहकाला चोवीस तासांत व्हाय-व्हाय द्यावा लागतो. पद्धत अशी की चूक घ्यायची आणि तिला ‘का’ विचारायचे. उत्तर आले की त्या उत्तराला पुन्हा ‘का’. पाच वेळा. पाचवे उत्तर म्हणजे मूळ कारण. फॉर्मवर रकाने पाचच छापलेले असतात.

मी लिहिले. लेबले छापली गेली नाहीत, का? आतल्या संगणकाला ऑर्डरी मिळाल्या नाहीत. का? त्याचा बाहेरच्याशी संपर्क तुटला. का? जोडणी बंद होती. का? ऑपरेटरने बंद केली. का? ती वापरात नाही असे त्याला वाटले.

पाच झाले. सहावा मला दिसत होता. त्याला तसे का वाटले? कारण यादीत तसे करायला सांगितले होते. यादी ग्राहकाच्या इंग्रजी नमुन्यावरून मी मराठीत केली होती. मूळ नमुन्यात पोर्ट म्हणजे नेटवर्कच्या भिंतीवरच्या आणि कपाटातल्या डब्यांची, वायर घालायची भोके अभिप्रेत होती, पण जागा लिहिलेली नव्हती. जागा नसलेले वाक्य मला अर्धवट वाटले. म्हणून ‘पीसीवरील’ हा शब्द मी माझ्या मनाने घातला होता. छापण्यापूर्वी कुणालाही विचारले नव्हते.

संध्याकाळी चार वाजता मी मसुदा प्लांट हेडकडे नेला. त्यांनी चौथ्या ओळीवर पेन ठेवले.

“इथे ‘अनधिकृतपणे’ टाका. ऑपरेटरने अनधिकृतपणे बंद केली.”

“यादीत सांगितलं होतं, सर. अनधिकृत म्हणता येणार नाही.”

“यादी कुणाची?”

त्यांनी कपाटातली मूळ यादी आधीच मागवून घेतली होती. ती टेबलावरच होती. त्यांनी ती उलटी करून माझ्याकडे सरकवली. खाली तीन चौकटी होत्या: तयार केले, तपासले, मंजूर. पहिलीत माझी सही, तिसरीत त्यांची.

“तुमचा प्रोबेशन कधी संपतोय?” त्यांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता. “हे बघा मॅडम, ग्राहकाला एक माणूस लागतो. तुम्ही देता का दुसरा कुणी?”

मी टेबलावरच्या संगणकावर तो शब्द घातला. वाक्य वाचून पाहिले. व्याकरण बरोबर होते. प्रत काढून दिली.

आमच्या प्लांटमध्ये अशीही पद्धत होती की व्हाय-व्हाय ज्याच्यामुळे झाला त्याने तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचायचा. मीटिंग लाइनच्या तोंडाशी, फळ्यासमोर, उभ्याने होते. दीडशे माणसे असतात. काका चष्मा लावून उभे राहिले. ठेवणीतल्या कपड्यांना असते तशी घडीची रेघ त्यांच्या शर्टाला होती. बायकोने इस्त्री करून दिला असणार. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“जोरात, काका!” मागून कुणी ओरडले. “कीर्तनाला बसलोय आमी!”

ते जोरात वाचू लागले. अहवाल तिसऱ्या पुरुषात होता, मीच तसा लिहिला होता, म्हणून ते स्वतःबद्दल ‘ऑपरेटरने’ असे वाचत गेले. चौथ्या ओळीवर थांबले. ‘अनधिकृतपणे’ हा शब्द त्यांनी आधी मनात लावून पाहिला, मग म्हटला. म्हटल्यावर कागदावरून नजर उचलून प्लांट हेडकडे पाहिले, मग माझ्याकडे. विचारावे तसे पाहिले. मी वहीत वेळ लिहीत होते. सात वाजून सोळा मिनिटे.

शेवटी त्यांनी नियमाप्रमाणे वाचले की ही चूक पुन्हा होणार नाही. टाळ्या वाजवायची पद्धत आहे. टाळ्या वाजल्या.

एक तारखेला दोन पत्रे निघाली. काकांच्या जागी पेंट शॉपमधल्या एकाला मिळाले. काकांनी कुणाला काही विचारले नाही. सहा तारखेला मला प्लांट हेडचा मेल आला. लेबल-रूमची संपूर्ण माहिती एकाच माणसाच्या डोक्यात आहे, हा धोका आहे. ती शनिवारपर्यंत लिहून काढावी. प्रत एचआरला होती. माझ्यासाठी त्या मेलचा अर्थ लावणे अवघड नव्हते. कंत्राटदाराकडून नवा माणूस मागवल्याचे एचआरच्या बाईंनी जेवताना सांगितलेही. म्हणाल्या, “डॉक्युमेंट झालं की काकांना मोकळं करायचं. तोवर राहू द्या म्हणाले सर. उगाच आत्ता काढलं तर पीसी कोण चालवणार?”

काकांना हे माहीत होते. कसे, ते मला माहीत नाही. बुधवारी मी वही घेऊन लेबल-रूममध्ये गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी डिस्पॅचमधून खुर्ची आणून ठेवली होती.

“शनवारपातुर हाय म्हणं तुमचं काम.”

“हो.”

“मग सावकाश घ्या. लई बारीक बारीक हाय यात.”

ते खरोखर फार बारीक सांगत. प्रिंटरच्या रिबिनीबद्दल त्यांनी पाऊण तास सांगितले. कुठल्या कंपनीची रिबीन उन्हाळ्यात चिकटते. ती बसवताना अंगठा कुठे ठेवायचा. आतला पीसी उघडायला वेळ लावतो त्या वेळात काय करायचे: “काय बी करायचं न्हाई. बसायचं. लोक कळा दाबत बसत्यात, त्यानं तो रुसतो.” आधीच्या इंजिनिअरने बसून त्यांना काय काय दाखवले, तो जाताना कसा म्हणाला, काका, ह्याला सांभाळा. त्याला त्यांनी घरून हुरडा आणून दिला होता. एकच गोष्ट ते सकाळी सांगत आणि दुपारी, थोडी वेगळी करून, पुन्हा सांगत.

मी सोळा वर्षे मजकूर कापत आले आहे. बाराशे शब्द आले की त्यात चारशे असतात. मी म्हणे, “हे झालंय, काका.” किंवा “हे लागणार नाही.” ते म्हणत, “बरं.” आणि दुसरे काही शोधत. बुधवारी संध्याकाळी त्यांनी विचारले, “बायपासचं लिवलं का?”

“कुठला बायपास?”

त्यांनी जरा विचार केला, पण असा बायपास त्यांनाही आठवेना. “न्हाई, तसं काय न्हाई,” म्हणाले.

गुरुवारी आम्ही जोडणीच्या पानावर आलो. दोन जोडण्यांची नावे लिहिली, चित्र घेतले. खाली लाल अक्षरात मी लिहिले की ही जोडणी बंद करू नये. काकांनी ते वाचले आणि म्हणाले, “याला वायर नसती हे बी लिवा. न्हाईतर नवीन माणूस मागं हात घालून बगंल.” ही सूचना चांगली होती. मी ती जशीच्या तशी घेतली. सगळ्या दस्तऐवजातले ते एकच वाक्य त्यांचे आहे.

शुक्रवारी अकरा वाजता माझ्याजवळ सात पाने होती आणि त्यात विचारण्यासारखे काही उरले नव्हते. मी ती त्यांच्यासमोर चाळली. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

“झालं एवढ्यात?”

“झालं.”

“परत एकदा बगा की. रिबिनीचं थोडकं झालंय.”

“पुरेसं आहे.”

“उद्या शनवार हाय. उद्या एकदा शेवटपातुर लावून बगू. नवीन माणसाच्या नजरेनं. मी नवीन माणूस, तुमी सांगायचं.” ते हसले. “मी मुद्दाम चुकतो.”

मी म्हणाले, बघते. वर गेले, पाने टाइप केली, चित्रे बसवली, क्रमांक घातला. मुदतीआधी मजकूर सोडायचा, हे इतकी वर्षे केले होते की पूर्ण झालेले पान टेबलावर ठेवून बसणे मला येतच नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी मी दस्तऐवज प्लांट हेडला मेल केला. प्रत एचआरला. दोन वाजून चौतीस मिनिटांनी एचआरने लेबल-रूममध्ये फोन लावला आणि काकांना गेट पास घेऊन वर बोलावले. मी तेव्हा काचेच्या खोलीच्या दारात होते; उद्या बसायची गरज नाही, हे सांगायला निघाले होते. त्यांनी फोन ठेवला, प्रिंटरमध्ये अडकलेले एक लेबल सोडवले, आतला पीसी नीट बंद केला आणि माझ्या बाजूने, वाट द्या अशी मान हलवून, बाहेर पडले. मी बाजूला झाले.

मुदत शनिवारची होती.